बघ्यांची गर्दी

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार झाला. शाळा सोडून तीस वर्षांहून जास्त काळ लोटलेला, त्यामुळे एकेक नंबर मिळवताना मंडळींना भलता उत्साह आला होता. कुणाचा नंबर मेव्हण्याकडून मिळाला, कुणाचा गावाकडच्या किराणा दुकानातून. एका संध्याकाळी असाच एक नंबर जोडला गेला आणि लगेच पहिला मेसेज आला : ‘अरे, अडकित्ता आला!’ त्याखाली हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने आवाज रेकॉर्ड करून पाठवला, ‘क-क-कसा आहेस?’ आणखी चेहरे. पाच मिनिटंही झाली नसतील, तोच राखाडी अक्षरांत एक ओळ उमटली. तो ग्रुपमधून बाहेर पडला होता.

तो अडखळत बोलायचा. आठवी ‘ब’मध्ये मराठीचा धडा एकेकाने एकेक परिच्छेद वाचायचा अशी पद्धत होती. तो आपला परिच्छेद आधीच मोजून ठेवायचा. पुढे किती मुलं आहेत, आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार, त्यात ‘क’ आणि ‘प’ने सुरू होणारे शब्द किती. आधीच्या मुलाचं वाचन संपत आलं की हात वर करून पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारायचा. कधी परवानगी मिळायची, बहुतेकदा नाही. मग तो उभा राहायचा, पहिल्या शब्दावर अडायचा आणि मागच्या बाकावरून सुपारी कातरल्याचा आवाज यायचा : कट्, कट्, कट्. नाव ठेवणारा एकच होता. आवाज काढणारे तीन-चार. हसणारे पंधरा-वीस. उरलेले आम्ही पुस्तकात बघत बसायचो. नववीला तो मामाच्या गावी शिकायला गेला, असं आम्हाला सांगण्यात आलं.

मुलांमधला छळ आणि मोबाइलवरचा छळ या विषयावर मी त्याआधीपासून वाचत होते. निकालपत्रं, चौकशांचे निष्कर्ष, संशोधकांचे निबंध. एक छळणारा आणि एक छळला जाणारा, अशी दोघांची गोष्ट समोर ठेवून मी ते सगळं वाचत होते. त्या संध्याकाळनंतर मात्र मला त्यात वर्गातली बाकीची पस्तीस मुलं दिसायला लागली.

घुबड दिवसाउजेडी उघड्यावर सापडलं की काय होतं, हे आपल्याकडे गावात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. एक कावळा ओरडतो, दुसरा येतो, पाहता पाहता पिंपळ काळा होतो. एकेकटा कावळा घुबडाच्या वाट्याला जाणार नाही; गर्दी झाली की प्रत्येकाला चोच येते. पक्ष्यांच्या या वागण्यावर ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी लिहिलं होतं. त्यांच्या लिखाणातला ‘मॉबिंग’ हा शब्द १९६९ साली स्वीडनमधले डॉक्टर पेटर-पाउल हाइनेमान यांनी उचलला आणि माणसांच्या मुलांना लावला. हाइनेमान स्वतः ज्यू, जर्मनीतून निर्वासित म्हणून स्वीडनला आलेले. त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा कृष्णवर्णीय होता आणि इतर मुलं त्याच्याशी कशी वागतात, हे त्यांनी बापाच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या लेखानंतर स्वीडिश भाषेत ‘मोब्निंग’ हा शब्द घरोघरी पोहोचला. शब्द मिळाला तशी गोष्ट दिसू लागली. तोवर ती मुलांची भांडणं होती.

मराठीत या गोष्टीला अजून एक असा शब्द नाही. चिडवणं, खोड्या काढणं, दादागिरी, टवाळी, छळ, कॉलेजात रॅगिंग. आताची मुलं म्हणतात ‘त्याची खेचतात’, ‘तिला रोस्ट केलं’, ‘ट्रोल केलं’. बहुतेक शब्दांत थोडी गंमत शिल्लक आहे आणि तिथेच घोटाळा होतो. मुलगा घरी येऊन ‘मला चिडवतात’ म्हणाला की आपण म्हणतो, ‘मग तूही चिडव.’ मस्करीची कुस्करी होते, हे आपल्या भाषेला फार पूर्वीपासून माहीत आहे, पण ती नेमकी कुठल्या क्षणी होते हे सांगणारं काही तिच्यात नाही.

ते सांगण्याचं काम दान ओल्व्हेयस यांनी केलं. जन्माने स्वीडिश असलेले हे मानसशास्त्रज्ञ पुढे नॉर्वेतल्या बर्गनला स्थायिक झाले. मुलांच्या भांडणापासून छळ वेगळा ओळखायचा तर तीन गोष्टी पाहा, असं ते सांगत : त्यात दुखावण्याचा हेतू असतो, तो पुन्हापुन्हा होतो आणि दोन बाजूंचं बळ सारखं नसतं. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केली. सोबत्यांकडून झालेला छळ हे त्यामागचं कारण असण्याची दाट शक्यता होती. देश हादरला आणि १९८३ मध्ये सरकारने शाळाशाळांतून मोहीम सुरू केली. बर्गनमधल्या सुमारे २५०० मुलांवर ओल्व्हेयस यांनी तिचा परिणाम मोजला, तेव्हा दोन वर्षांत छळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. त्यासाठी त्यांनी कुठलंही औषध शोधलं नव्हतं. सुट्टीत मैदानावर मोठ्या माणसांनी हजर राहायचं, वर्गाने बसून नियम ठरवायचे, नियम मोडला की दर वेळी काहीतरी घडायचं, आईबापांना आधीच बोलवायचं. छळणाऱ्या मुलांचाही त्यांनी मागोवा ठेवला होता. सहावी ते नववीत छळणारे म्हणून ओळखल्या गेलेल्या मुलग्यांपैकी सुमारे साठ टक्के चोविसाव्या वर्षापर्यंत एकदा तरी गुन्ह्यात दोषी ठरले होते. म्हणजे वेळेवर अडवलं असतं तर त्यांचंही भलंच झालं असतं.

बघ्यांकडे पहिल्यांदा नीट वळले ते जपानी आणि फिनलंडचे संशोधक. जपानमध्ये छळाला ‘इजिमे’ म्हणतात. समाजशास्त्रज्ञ योजी मोरिता यांनी इजिमेचे चार थर मांडले. मध्ये सोसणारा, त्याभोवती छळणारे, त्यांच्याभोवती हसून साथ देणारे आणि सगळ्यात बाहेर, काही पाहिलंच नाही असं दाखवणारे. एखाद्या वर्गात किती छळ होतो याचा सगळ्यात जवळचा संबंध त्यांना या शेवटच्या थराशी दिसला. वर्गात न पाहिल्यासारखं करणारे जितके जास्त, तितका छळ जास्त. हे वाचलं त्या दिवशी मी पुढे काही वाचू शकले नाही.

ओत्सु या जपानी शहरात २०११ च्या ऑक्टोबरात तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने जीव दिला. शाळेने इतर मुलांकडून कागदावर उत्तरं लिहून घेतली. मुलांनी लिहिलं होतं. काय काय पाहिलं, ते लिहिलं होतं. पण त्या कागदांतलं बरंचसं बाहेरच आलं नाही. पुढच्या वर्षी ते उघड झालं तेव्हा देशभर संताप उसळला, पोलिसांनी शाळेची आणि शिक्षण मंडळाची झडती घेतली आणि २०१३ च्या जूनमध्ये जपानच्या संसदेने छळ रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. इतक्या मुलांना ते ठाऊक होतं. विचारल्यावर त्यांनी सांगितलंही. विचारलं उशिरा आणि ऐकलं त्याहून उशिरा.

आणखी एक संशोधन मला फार मोलाचं वाटतं. ते कॅनडातलं. टोरोंटोतल्या शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून आणि मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन बसवून संशोधकांनी छळाचे प्रसंग जसेच्या तसे टिपले. २००१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दर शंभरातल्या ८८ प्रसंगांत आसपास इतर मुलं होती. त्यांच्यापैकी कुणी मध्ये पडलं, असे प्रसंग फक्त १९. पण जेव्हा कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, ५७ टक्के वेळा, छळ दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद. मराठीच्या तासाला मला तेवढे दहा सेकंद दर दिवशी मिळत होते.

आता फोनकडे येते. ओल्व्हेयस यांच्या तीन कसोट्यांपैकी दुसरी इथे कशी बदलते, ते पाहण्यासारखं आहे. शाळेच्या मैदानावर छळणाऱ्याला पुन्हापुन्हा यावं लागे, स्वतःच्या हाताने. फोनवर त्याने एकदाच एक फोटो टाकायचा. पुढची सगळी आवर्तनं इतरांनी करायची. कुणी पुढे ढकलतं, कुणी स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या ग्रुपवर टाकतं, कुणी त्याखाली एक चेहरा चिकटवतं. त्यातल्या प्रत्येकाने काय केलं म्हणाल, तर एक बोट हलवलं. छळ ‘पुन्हापुन्हा’ होण्यासाठी लागणारं काम बघ्यांनी वाटून घेतलं. मैदानावर बघा निदान नुसता बघा तरी होता.

अमांडा टॉड ही ब्रिटिश कोलंबियातली, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रांतातली मुलगी. कॅमेऱ्यासमोर एका अनोळखी माणसाने तिला क्षणभर अंगावरचा कपडा वर करायला लावलं, ते चित्र जपून ठेवलं आणि पुढे धमकावायला सुरुवात केली. ऐकलं नाही म्हणून त्याने ते चित्र तिच्या ओळखीच्यांपर्यंत पोहोचवलं. तिने शाळा बदलली, तर त्याने नव्या शाळेतली मुलं शोधून काढली. ७ सप्टेंबर २०१२ ला तिने एक चित्रफीत टाकली. तोंडाने एक शब्द न बोलता, हाताने लिहिलेले कागद एकामागून एक कॅमेऱ्यासमोर धरून तिने आपली गोष्ट सांगितली. १० ऑक्टोबरला ती गेली. तिचं वय पंधरा होतं. धमकावणारा नेदरलँड्समधला एक प्रौढ पुरुष होता. त्याला कॅनडातल्या ज्यूरीने दोषी ठरवलं २०२२ मध्ये, दहा वर्षांनी, आणि न्यायाधीशांनी तेरा वर्षांची शिक्षा सुनावली.

तो माणूस समुद्रापलीकडे होता. डब्याच्या सुट्टीत तिला एकटं सोडणारी मुलं तिच्या शाळेतली होती. त्यांच्यावर कुठलाही खटला झाला नाही, व्हावा असं मी म्हणतही नाही. ती मुलं होती. पण तिची गोष्ट वाचताना माझं मन त्या माणसापेक्षा त्या रिकाम्या बाकाकडे जास्त जातं.

आपल्याकडचं सांगायचं तर फार दूर जावं लागत नाही. २०२३ च्या दिवाळीत उज्जैनमधल्या सोळा वर्षांच्या एका मुलाने इन्स्टाग्रामवर रील टाकली. साडी, दागिने, मेकअप. ही कला तो स्वतःची स्वतः शिकला होता. त्याखाली हजारोंच्या संख्येने शिव्या आणि घाणेरडे शेरे जमले. नोव्हेंबर संपायच्या आत त्याने जीवन संपवल्याची बातमी आली. पुढच्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत ९८.५ टक्के मिळवून राज्यात पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो छापून आला आणि देशभरातल्या लोकांना तिच्या गुणांऐवजी तिच्या ओठावरची लव दिसली. या दोन्ही गर्दींत मुलं किती आणि मोठी माणसं किती, याचा हिशेब कुणी केलेला नाही. मला वाटतं, मोठ्यांची संख्या पाहून आपल्याला लाज वाटेल.

आत्महत्येबद्दल लिहिताना मी थांबून एक सांगते. कुठल्याही मुलाच्या मृत्यूला एकच कारण नसतं आणि छळ सोसणारी बहुतेक मुलं जगतात. पण कशी जगतात, हे पाहायला हवं. ब्रिटनमध्ये १९५८ च्या मार्च महिन्यातल्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांची नोंद आयुष्यभर ठेवली गेली आहे. ती सात आणि अकरा वर्षांची असताना त्यांच्या आईबापांना विचारलं होतं, इतर मुलं हिला, ह्याला त्रास देतात का? लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये त्यांच्यातल्या सात हजारांहून अधिक लोकांची पन्नाशीपर्यंतची माहिती मांडली. लहानपणी वारंवार छळ सोसलेल्यांत पन्नाशीतही नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण अधिक होतं, तब्येत अधिक कुरकुरत होती, एकटेपण अधिक होतं. चाळीस वर्षांनी. घरची गरिबी, बुद्धिमत्ता, लहानपणचे इतर आघात हे सगळं हिशेबात धरूनही. ‘लहानपणी सगळ्यांनाच चिडवतात, काही होत नाही’ असं आता मला कुणी म्हणालं की मी त्या आठवड्यात जन्मलेल्या मुलांची आठवण करून देते.

भारतात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना उपचार लागावेत असा काही ना काही मानसिक आजार आढळला होता. चाळीसच्या वर्गात साधारण तीन. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सगळ्यात मोठा आहे. त्यातल्या किती छळामुळे, हे त्या रकान्यांतून कळत नाही; ‘परीक्षेतलं अपयश’ असा रकाना असतो, ‘वर्गाने वाळीत टाकलं’ असा नसतो.

कायदे आहेत. महाराष्ट्राने १९९९ मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला. त्यात चिडवणं, शिव्या देणं, धमकावणं, थट्टेच्या नावाखाली त्रास देणं हे सगळं येतं, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे आणि तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आहे. हा कायदा झाला तेव्हा आपल्या खिशात कॅमेऱ्याचा फोन नव्हता. अल्पवयीन मुलाचा अश्लील फोटो बनवणं, ठेवणं, पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमाखाली आणि मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. वर्गमैत्रिणीचा फोटो ‘मजा म्हणून’ पुढे पाठवणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं. आणि एक जुनी आठवण. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुणींना पोलिसांनी पकडलं होतं. एकीने मुंबईतल्या बंदबद्दल फेसबुकवर काही लिहिलं म्हणून आणि दुसरीने त्याला नुसतं ‘लाइक’ केलं म्हणून. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाचा त्यात वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं आणि ते योग्यच झालं. बघ्यांना कोठडीत टाकून गर्दी कमी होत नाही, हे आपण एकदा पाहून बसलो आहोत.

राज्यातल्या शाळांत तक्रारपेटी असते, २०२२ पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समितीही असायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जुलैमध्ये सांगितलं की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. हे सगळं हवंच. पण तक्रारपेटी कुठे लावलेली असते, ते एकदा शाळेत जाऊन पाहा. व्हरांड्यात, शिक्षकांच्या खोलीसमोर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. त्या पेटीपर्यंत सगळ्यांच्या देखत चालत जाणारं मूल मला तरी डोळ्यांसमोर आणता येत नाही.

माझी भाची नाशिकला नववीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली होती. फोन बघता बघता खुदकन हसली आणि मला एक स्टिकर दाखवला. शाळेच्या सहलीत बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेली एक मुलगी. कुणीतरी फोटो काढला, भोवतालचं कापून नुसता चेहरा ठेवला आणि वर्गाच्या ग्रुपवर गृहपाठ आला की हा स्टिकर, सुट्टी जाहीर झाली की हा स्टिकर, कुणाचा वाढदिवस असला तरी हाच स्टिकर.

‘तिला चालतं?’ मी विचारलं.

‘मावशी, सगळेच टाकतात. ती पण हसते.’

‘तिने स्वतः कधी टाकलाय?’

भाची फोन घेऊन गॅलरीत गेली. बराच वेळ ती वर वर सरकवत मागचे मेसेज पाहत होती. आत आली आणि म्हणाली, ‘फेब्रुवारीपासून ती ग्रुपवर काहीच बोलली नाहीये. मला कळलंच नाही.’

त्या रात्री तिने ग्रुपवर लिहिलं, ‘बास ना आता हा स्टिकर.’ मी मनातल्या मनात सुखावले. सकाळी उठून पाहते तर नवा स्टिकर आला होता. माझ्या भाचीचा. खाली ‘टीचर’ असं लिहून. ती रडली नाही, पण पोह्यांची बशी तशीच राहिली आणि मला माझ्या सुखावण्याची लाज वाटली. एकट्या मुलीने गर्दीसमोर उभं राहावं अशी अपेक्षा करून आपण मोठी माणसं बाजूला उभी होतो. म्हणजे पुन्हा बघेच.

फिनलंडच्या संशोधकांना ही अडचण ठाऊक होती. तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्तिना साल्मिवल्ली यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं होतं की वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला छळात काही ना काही भूमिका असते. कुणी छळणाऱ्याचा हात धरून मदत करतं, कुणी हसून बळ देतं, कुणी बाजूला सरतं, कुणी सोसणाऱ्याची बाजू घेतं. त्यावरून तिथे ‘किवा’ नावाचा कार्यक्रम उभा राहिला. फिनिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘छान’ असा होतो आणि ‘छळाविरुद्ध’ या शब्दांची ती आद्याक्षरंही आहेत. जवळपास तीस हजार मुलांवर तो तपासला गेला आणि छळ कमी झाला. त्यातली एक रीत मला फार शहाणपणाची वाटली. तक्रार आली की शिक्षक छळणाऱ्यांशी तर वेगवेगळं बोलतातच, पण वर्गात ज्यांचं वजन आहे अशा दोन ते चार मुलांनाही बोलावतात आणि विचारतात, ‘याला बरं वाटावं म्हणून तुम्ही काय करू शकाल?’ भाषण करा, भांडा, असं सांगत नाहीत. डब्याला सोबत बसा. घरी जाताना बरोबर चला. खेळात आधी त्याला घ्या. ज्याच्या बाजूने वर्गात एक जण तरी आहे, ते मूल छळ चालू असतानाही कमी खचतं, हेही तिथल्या अभ्यासात दिसलं.

आपल्याकडे हे करायला पैसे लागत नाहीत. वर्गात कोणाचं वजन आहे, हे प्रत्येक वर्गशिक्षिकेला तोंडपाठ असतं. पण साठ मुलांच्या वर्गात, निवडणुकीच्या याद्या आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामात तिला सुट्टीच्या वेळी मैदानावर उभं राहायला कोण मोकळं सोडतं? छळाचा विषय निघाला की आपण मुलांच्या संस्कारांवर बोलतो. मला वाटतं, आधी शिक्षकांच्या वेळापत्रकावर बोलावं.

आणि घरात. बहुतेक मुलं आईबापांना सांगत नाहीत, कारण त्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते : सांगितलं की फोन जाणार. त्रास दुसऱ्याने दिला, शिक्षा आपल्याला. शिवाय फोन गेला म्हणून ग्रुप बंद होत नाही; आपल्याबद्दल तिथे काय चाललं आहे, हे कळणं तेवढं बंद होतं. म्हणून मूल सांगायला आलं तर पहिलं वाक्य एवढंच पुरे : ‘फोन काढून घेणार नाही, बोल.’ मग शांतपणे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, खात्याचं नाव आणि तारीख दिसेल असे. रागाच्या भरात मेसेज पुसून टाकले तर पुरावाच जातो. मात्र मुलाचा उघडा फोटो असेल तर त्याची प्रत काढायची नाही, कुणालाही पाठवायची नाही; फोन तसाच पोलिसांना दाखवायचा. फोटोवरून कुणी पैसे मागत असेल तर एक रुपयाही द्यायचा नाही. दिला की मागणी वाढते. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांबाबतची तक्रार नाव न देताही करता येते. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या अशा फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ ही अमेरिकेतल्या एका संस्थेची मोफत सेवा आहे. फोटो कुणालाही पाठवावा लागत नाही. त्याचा अंकांतला ठसा आपल्याच फोनवर तयार होतो, तेवढाच कंपन्यांना जातो आणि सामील असलेल्या फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी त्याच ठशाचं चित्र ओळखून हटवलं जातं. व्हॉट्सॲपच्या बंदिस्त संभाषणात मात्र त्याचा उपयोग होत नाही. मन फार खचलं असेल, जगावंसं वाटत नसेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं. मुलांसाठी १०९८. हे तीन आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा. मूल ते वाचतं, आपल्याला दिसलं नाही तरी वाचतं.

भाचीच्या वर्गशिक्षिकेशी तिच्या आईने बोलून घेतलं. शाळा सुरू झाल्यावर बाईंनी दोन मुलींना आणि क्रिकेटच्या संघातल्या एका मुलाला वेगळं बोलावलं. काय बोलल्या ते भाचीला ठाऊक नाही. स्टिकर अजून मधूनच येतो. ती झोपाळू मुलगी आता भाचीबरोबर डबा खाते आणि भाचीच्या म्हणण्याप्रमाणे ती भयंकर बोलते, थांबतच नाही.

दहावीच्या ग्रुपवर त्या संध्याकाळी मी काही लिहिलं नाही. फराळाचे फोटो आले, कुणाच्या तरी मुलाची पगाराची बातमी आली, ती राखाडी ओळ वर वर सरकत गेली. ग्रुपच्या यादीतून नंबर घेऊन ठेवला होता, तो तसाच पडून राहिला. पंधरा दिवसांनी मी त्याला मेसेज केला. माझं नाव लिहिलं, कुठे असते ते लिहिलं आणि पुढे लिहिलं की आठवीत मी रोज ऐकत होते आणि परवाही वाचत होते, दोन्ही वेळा गप्प बसले, माफ कर.

दोन्ही खुणा निळ्या झाल्या. तीन दिवस काही आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी उत्तर आलं.

‘तू मुलींच्या रांगेत दुसऱ्या बाकावर. आठवतंय. तू हसायची नाहीस, पुस्तकात बघायचीस.’

आणि थोड्या वेळाने त्याखाली : ‘मला रोज वाटायचं, ही उद्या काहीतरी बोलेल.’